प्रस्तावना : अर्जापासून ठरावापर्यंत

मार्च 2018 मधली ती रविवारची रात्र पुष्कळ मुंबईकरांना आठवत असेल. नाशिकहून सहा दिवस चालत आलेले तीस-चाळीस हजार लोक सोमय्या मैदानावर टेकले होते. पायांना फोड, कुणाच्या चपलेचा पट्टा तुटलेला, डोक्यावर लाल टोपी. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा रस्त्यावर आला तर पोरांना परीक्षेला पोचायला उशीर होईल, म्हणून त्या दमलेल्या माणसांनी झोप सोडली आणि रातोरात चालून पहाटे आझाद मैदान गाठले. शहर गहिवरले. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, चपला घेऊन लोक रस्त्याकडेला उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत शिस्तीचे कौतुक झाले.

त्या कौतुकात एक साधा प्रश्न मागे पडला. ही माणसे मागत काय होती? ‘शेतकऱ्यांचा मोर्चा’ म्हटल्यावर शहराने कर्जमाफी गृहीत धरली. पण चालणाऱ्यांत मोठा भरणा सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातल्या आदिवासींचा होता आणि त्यांची मुख्य मागणी वनपट्ट्याची होती. आजा-पणजापासून कसत आलेली जमीन सरकारी कागदावर ‘वन’ आणि कसणारा ‘अतिक्रमणदार’. तो डाग पुसणारा कायदा संसदेने 2006 साली केला होता. बारा वर्षांनी त्याच कायद्याच्या अंमलासाठी हे लोक चालत होते. सरकारने लेखी आश्वासन दिले, परतीसाठी खास रेल्वेगाड्या सोडल्या. 2019 मध्ये हे लोक पुन्हा चालले, 2023 मध्ये पुन्हा.

मुंबईला त्या रात्री सोशिक, बिचारी माणसे दिसली. मला मात्र दुसरेच काही दिसत राहते. अनोळखी शहरातल्या अनोळखी मुलांच्या वेळापत्रकाचा विचार करून जो आपल्या मोर्चाची वेळ बदलतो, त्याच्या अंगात याचकापेक्षा कारभारी जास्त असतो. या संग्रहातली जवळजवळ प्रत्येक हकीकत वाचताना हाच कारभारी मला पुन्हापुन्हा भेटला, आणि प्रस्तावनेत सांगण्यासारखे माझ्याकडे जे काही आहे ते त्याच्याबद्दलच आहे.

आदिवासींचा प्रतिकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तीरकामठा येतो. बिरसा मुंडांचा पुतळा असो की भिंतीवरचे चित्र, हातात धनुष्य असायचेच. त्या प्रतिमेमागे इतिहास आहे, तिचा अभिमानही रास्त आहे. पण तिच्या सावलीत बरेच काही झाकले गेले. धनुष्याला हात घालण्याआधी आणि ते खाली ठेवल्यानंतर आदिवासी समाजांनी जमिनीसाठी जे जे केले, त्यातला फार मोठा भाग निःशस्त्र होता. अर्ज करणे, वेठ नाकारणे, सारा न भरणे, जमीनदाराच्या शेतात नांगर न धरणे, मैलोन्‌मैल चालणे, रस्त्यात बसून राहणे, आणि अलीकडे ग्रामसभेच्या वहीत ठराव लिहून त्यावर सगळ्यांचे अंगठे-सह्या घेणे. आपल्या शाळेच्या पुस्तकांत उठावांच्या सनावळ्या आहेत. या गोष्टींना तिथे जागा मिळाली नाही, कारण त्यांत लढाईसारखे चित्र काढण्याजोगे काही नव्हते.

आधी शब्दांचा गुंता थोडा सोडवून घेऊ. जगभर ज्यांना मूळ रहिवासी म्हणतात त्यांच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी 13 सप्टेंबर 2007 रोजी स्वीकारला. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांनी विरोधात मत दिले. भारताने बाजूने दिले, पण सोबत सांगून ठेवले की आमच्याकडे सगळेच मूळचे. म्हणजे जाहीरनामा मान्य, फक्त तो लागू व्हावा असे वेगळे कुणी आमच्या देशात नाही! घरातल्या घरात हा वाद त्याहून जुना आहे. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कप्तान असलेले जयपालसिंग मुंडा 1946 मध्ये संविधान सभेत बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी ‘आदिवासी’ हाच शब्द धरून ठेवला आणि लोकशाही आम्हांला शिकवू नका, ती तुम्हीच आमच्याकडून शिकायला हवी, अशा आशयाचे सभागृहाला सुनावले. संविधानात ‘अनुसूचित जमाती’ आले. पुढे ‘वनवासी’ आले, आणि त्या शब्दाने माणसाला जागा दिली पण त्याच्या आधी येण्याचा दावा काढून घेतला. या संग्रहात ‘आदिवासी’च वापरला आहे.

दुसरा अवघड शब्द ‘सार्वभौमत्व’. हा शब्द कानी पडला की आपल्याला सीमा, सैन्य, झेंडा आठवतो, आणि सरकारला फुटीरपणा. मुंडारीत ‘अबुआ दिशुम, अबुआ राज’ म्हणणाऱ्याला काय अभिप्रेत होते? आपला मुलूख, आपला कारभार. गावाची शीव कुठवर, जंगलातला बांबू कधी तोडायचा, मोहाची फुले कुणी वेचायची, भांडण कुणी मिटवायचे, परका माणूस जमीन घेऊ शकतो की नाही, या गोष्टी गावाने ठरवायच्या. देशापासून वेगळे निघण्याशी याचा संबंध नव्हता. इंग्रजांच्या 1865, 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी नेमका हा कारभार काढून घेतला. जंगल सरकारचे झाले आणि कालपर्यंतचा वहिवाटदार चोर ठरला. विदर्भात ‘निस्तार’ म्हणून लाकूडफाटा आणण्याची मुभा राहिली, कोकणात दळीच्या जमिनी, कुठे एकसाली पट्टे. पण हक्काची सवलत झाली, आणि ती चालू ठेवणे साहेबाच्या मर्जीवर आले.

इतिहासाकडे वळताना संथाळांच्या हूलपासून, म्हणजे उठावापासून, सुरुवात करतो, कारण ते उदाहरण सहसा उलट्या टोकाने सांगितले जाते. 30 जून 1855 रोजी भोगनाडीहला सिदो आणि कान्हू यांच्या हाकेवर हजारो संथाळ जमले. त्यांचा बेत कलकत्त्याला चालत जाऊन महाजन आणि दरोग्यांविरुद्धचे गाऱ्हाणे मोठ्या साहेबापुढे मांडण्याचा होता. रक्त त्यानंतरच्या दिवसांत सांडले आणि मग ते थांबले नाही. छोटानागपूरच्या मुंडा सरदारांनी तर 1858 नंतर तीन-साडेतीन दशके फक्त कागदांवर लढाई केली. वकील केले, वर्गण्या काढल्या, आयुक्तापासून थेट लंडनपर्यंत अर्ज धाडले. जमीन आमच्या पूर्वजांनी जंगल तोडून वसवली, म्हणून ती आमची, एवढेच त्यांचे म्हणणे. तिथल्या इतिहासात याला ‘सरदारी लढाई’ म्हणतात. 1899 च्या बिरसांच्या उलगुलानला, त्या उठावाला, पेटायला जी माणसे मिळाली त्यांतली कितीतरी या अर्जांच्या थकव्यातून आलेली होती. बिरसांचे धनुष्य समजून घ्यायचे तर त्याआधीचा तो कागदांचा ढीग पाहावा लागतो. 1908 चा छोटानागपूर कुळ कायदा दोन्हींच्या पदरात घालायला हवा.

याच मुलखात एप्रिल 1914 मध्ये जतरा उरांव नावाच्या तरुणाने आपल्या लोकांना काही गोष्टी सोडायला सांगितल्या. भुताखेतांची पूजा, बळी, मांस, दारू. इथवर ती धर्मसुधारणा वाटते. पण यादीत पुढे होते: जमीनदाराची वेठ करू नका, परक्यांच्या शेतात मजुरीला राबू नका, सारा देऊ नका. इंग्रजांनी त्याला तुरुंगात टाकले. त्याचे अनुयायी टाना भगत म्हणून ओळखले जाऊ लागले. ही घटना चंपारणच्या तीन वर्षे आधीची आहे. पुढे टाना भगतांनी गांधींना आपले मानले, खादी नेसले, 1922 च्या गया काँग्रेसला पायी गेले, चरख्याच्या झेंड्याची पूजा करू लागले. म्हणून आपण त्यांची नोंद ‘गांधींच्या प्रभावाखालील आदिवासी’ अशी करून टाकतो. प्रत्यक्षात गांधी भेटले तेव्हा असहकार त्यांच्या अंगवळणी पडला होता. त्याची किंमतही त्यांनी मोजली. सारा न भरल्यामुळे त्यांच्या जमिनी लिलावात गेल्या. स्वातंत्र्यानंतर 1948 साली खास त्यांच्या जमिनी परत करण्यासाठी कायदा झाला, आणि तरीही सगळ्या परत आल्या नाहीत. सप्टेंबर 2020 मध्ये पांढऱ्या कपड्यांतले टाना भगत आपल्या जमिनीच्या मागण्या घेऊन झारखंडमधल्या टोरी स्थानकाजवळ रुळांवर बसले आणि राजधानी एक्सप्रेस अडकून पडली. बातमी गाडीच्या खोळंब्याची झाली. शंभर वर्षांच्या खोळंब्याची कुणी केली नाही.

न्यूझीलंडमधल्या परिहाका या माओरी गावाची आठवण इथे येते, ती एका नांगरामुळे. टाना भगतांनी जमीनदाराच्या शेतातला नांगर सोडला. परिहाकाच्या लोकांनी 1879 मध्ये सरकारने जप्त केलेल्या, गोऱ्यांना वाटलेल्या जमिनीत जाऊन नांगर धरला. ते हक्काची खूण म्हणून नुसते नांगरत. नांगरणाऱ्यांना पकडले की दुसरे यायचे. कित्येकांना खटला न चालवता तुरुंगात डांबले गेले. 5 नोव्हेंबर 1881 रोजी सुमारे 1,600 सशस्त्र शिपाई गावात घुसले तेव्हा ते फिती ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही या दोन पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून दोनेक हजार माणसे चौकात शांत बसून होती आणि वेशीवर मुले गाणी म्हणत होती. गाव उद्ध्वस्त झाले. सरकारने माफी मागितली ती 2017 साली. जतराच्या उरांवांनी परिहाकाचे नाव ऐकलेले नव्हते, गांधींचा सत्याग्रह तर परिहाकानंतरचा. निःशस्त्र लढ्याची एकच गंगोत्री शोधणाऱ्यांनी या दोन नांगरांचा विचार करावा.

महाराष्ट्रात आपण 1930 च्या जंगल सत्याग्रहापासून सुरुवात करतो, आणि तिथेही एक गंमत आहे. समुद्र नाही तिथे मीठ कसे उचलणार, म्हणून मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसने गवत कापून वन कायदा मोडायचे ठरवले. जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी गवत कापले. नेत्यांच्या लेखी ते प्रतीक होते. चार पेंढ्या कापायच्या, अटक करून घ्यायची. पण बैतूल, शिवनीकडच्या गोंड-कोरकूंना त्या गवतात प्रतीक दिसेना, जनावरांचा चारा दिसला. ते हजारोंनी आले आणि काँग्रेसने आखलेल्या रेषेच्या बरेच पुढे गेले. शिवनीतल्या तुरियाला ऑक्टोबरमध्ये गोळीबार झाला, त्यात गोंड स्त्रिया मेल्या. 25 सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला गोळ्या चालल्या. तिथल्या हुतात्म्यांत नाग्या कातकऱ्याचे नाव आहे. त्याच्यासाठी अक्कादेवीचे रान कायदेभंगाचे मैदान असण्याआधी पोटाचे ठिकाण होते. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या माणसांना जागा मिळाली, पण त्यांच्या मागणीला मिळाली नाही. 1927 चा वन कायदा स्वतंत्र भारताने तसाच उचलला.

1945 च्या वारली लढ्याबद्दल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ घरोघरी पोचलेले आहे. एवढेच नोंदवतो की लग्नाच्या कर्जापायी जन्मभर गडी होणाऱ्या माणसांनी वेठ बंद केली आणि गवतकापणीचा दर ठरवून मिळेपर्यंत कोयता खाली ठेवला, तेव्हा ते एका अर्थाने जतरा उरांवाचेच शस्त्र वापरत होते. तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड पडला, विमाने घिरट्या घालून गेली, तरी संप मोडला नाही. या लढ्यात हाणामारीचे प्रसंगही झाले. ‘शांततामय’ हे विशेषण चिकटवताना संपादकांनी सोवळेपणा केलेला नाही, हे बरे झाले. सत्तरच्या दशकात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याला अंबरसिंग सुरतवंती यांनी गहाणवट जमिनींचा हिशेब मागायला सुरुवात केली. जानेवारी 1972 मध्ये भू-मुक्ती मेळावा झाला. पालघरकडे काळूराम धोदडे यांची भूमिसेना उभी राहिली. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा 1974 चा राज्याचा कायदा या दबावाशिवाय झाला नसता, असे माझे मत आहे. शहाद्यातल्या बायकांनी दारूची मडकी फोडत गावोगाव जी यात्रा काढली, तिच्यावर अजून कुणी नीट पुस्तक लिहिले पाहिजे.

मग धरणे आली. सरदार सरोवराखाली महाराष्ट्रातली 33 गावे जाणार होती, सगळी अक्कलकुवा-अक्राणी भागातली भिल्ल-पावरा वस्ती. मणिबेली त्यांतले पहिले. नर्मदा बचाव आंदोलनाबद्दल मराठीत इतके लिहिले गेले आहे की इथे एकच दृश्य घेतो. 1990 च्या डिसेंबरात राजघाटहून निघालेली संघर्ष यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवली गेली. आपण हात उचलणार नाही हे दिसावे म्हणून स्वयंसेवक मनगटे बांधून पोलिसांसमोर चालत गेले. पुढे जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने प्रकल्पावर ठपका ठेवला आणि 1993 मध्ये बँकेचा पैसा थांबला. धरण मात्र थांबले नाही. 18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने परवानगी दिली. हरलेले आंदोलन म्हणून त्याची फाईल बंद करणाऱ्यांनी आंदोलनाने सातपुड्यात चालवलेल्या जीवनशाळांत शिकलेल्या मुलांची नावे एकदा मोजावीत.

जिंकलेली आंदोलने आपल्याकडे त्या मानाने कमी ठाऊक आहेत, कदाचित त्यांत मोठे नाव नसल्यामुळे. झारखंडमध्ये नेतरहाटच्या पठारावर लष्कराच्या तोफांच्या सरावासाठी 245 गावांचा टापू अधिसूचित झाला होता. 22 मार्च 1994 रोजी टुटुवापानीच्या रस्त्यावर लोक आडवे बसले, बायका पुढे. लष्कराच्या गाड्या आल्या, थांबल्या आणि मागे फिरल्या. त्यानंतर दर वर्षी 22 आणि 23 मार्चला लोक तिथे जमत राहिले, कारण गाड्या गेल्या तरी अधिसूचना उभीच होती. 2022 मध्ये राज्य सरकारने तिची मुदत न वाढवण्याचे ठरवले. अठ्ठावीस वर्षे! शेजारच्या कोयल-कारो धरणाविरुद्धचा लढाही तितकाच चिवट, पण 2 फेब्रुवारी 2001 रोजी तपकारा इथे पोलिसांच्या गोळ्यांनी आठ जण गेले. धरण रद्द झाले ते त्यानंतर.

1990 नंतर या लढ्यांच्या हातात कायदा आला, आणि माझ्या दृष्टीने विषयाचा सगळ्यात मनोरंजक भाग इथून सुरू होतो. 24 डिसेंबर 1996 च्या पेसा कायद्याने पाचव्या अनुसूचीतल्या ग्रामसभेला मान्यता दिली. 1997 च्या समता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातली जमीन खासगी खाणवाल्यांना देण्यावर बंधन घातले. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर आपल्या उद्देशातच ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य केला, आणि त्याच्या नियमांत एक क्रांतिकारक कलम टाकले: गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावा. ज्या समाजाला दीडशे वर्षे ‘कागद दाखव’ म्हणून हाकलले, त्याच्या म्हाताऱ्यांची आठवण आता कागद झाली.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे शे-सव्वाशे घरांचे गोंड गाव या वळणावर फार आधीच येऊन उभे होते. ऐंशीच्या दशकात मोठ्या धरणांच्या विरोधातल्या चळवळीतून गाव जागे झाले, आणि धरणाचा प्रश्न मिटल्यावर घरी गेले नाही. वर्षाचे बाराही महिने सभा, निर्णय सगळ्यांच्या सहमतीने, आणि निर्णयाआधी अभ्यासमंडळ. गावाने जंगलातल्या लाकडाने घोटुल बांधले, वनखात्याने पाडले, गावाने पुन्हा उभारले. कुणावर हात टाकला नाही. कागद गिरणीची बांबूतोड अशीच थांबवली. देवाजी तोफा हे गावाचे आणि मोहन हिराबाई हिरालाल हे गावाच्या सोबत्याचे नाव. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहून ती कथा मराठीत पक्की केली आहे. 2009 मध्ये 1,809 हेक्टरांवरचा सामूहिक वनहक्क देशात सर्वांत आधी मिळालेल्यांत मेंढा होते. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, आणि तो वनखाते देईना. बांबू झाड की गवत, हा वाद! वनस्पतिशास्त्राला ते गवत, 1927 च्या कायद्याला 2017 पर्यंत झाड. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. स्वराज्याचे आपल्या काळातले चिन्ह कोणते, असे विचारले तर मी ते पुस्तक दाखवीन. पुढे 2013 मध्ये गावाने सगळी खासगी शेतीही ग्रामदानात ग्रामसभेच्या नावे केली, विनोबांनंतर इतक्या वर्षांनी.

ओडिशातल्या नियमगिरीची कथा जगभर गेली. डोंगरिया कोंध ज्याला नियम राजा म्हणतात त्या डोंगरातले बॉक्साइट वेदांत कंपनीच्या कारखान्याला हवे होते. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देवाचा आणि हक्काचा प्रश्न ग्रामसभांनी ठरवावा. डोंगरावर शंभराहून जास्त वस्त्या असताना राज्य सरकारने निवडल्या बारा. जुलै-ऑगस्टच्या पावसात, जिल्हा न्यायाधीशांच्या समक्ष, बाराच्या बारा ग्रामसभांनी ‘नाही’ म्हटले. लोक सभेत उठून डोंगर, झरे, अननस, हळद यांबद्दल बोलले आणि ते सगळे सरकारी इतिवृत्तात नोंदले गेले. जानेवारी 2014 मध्ये केंद्राने खाणीला नकार दिला. पायथ्याचा लांजीगढचा कारखाना मात्र आजही बाहेरचे बॉक्साइट आणून चालतो, आणि डोंगराकडे बघत राहतो.

मेंढ्याचे कौतुक करणारे राज्य खुंटीच्या पत्थलगडीला घाबरते, हे कोडे या संग्रहाच्या केंद्राशी आहे. 2017-18 मध्ये झारखंडच्या मुंडा गावांनी वेशीवर हिरव्या रंगाने रंगवलेल्या शिळा उभ्या केल्या. पूर्वजांची नावे आणि गावाची शीव दगडावर सांगण्याची मुंडांची जुनीच चाल. या वेळी दगडांवर संविधानातली कलमे होती. काही ठिकाणी अर्थ चुकीचे लावले होते, हे म्हणायला हवे. पण हजारो लोकांवर राजद्रोहाची कलमे लागली, ज्यांच्या हातात संविधान होते त्यांच्यावर. डिसेंबर 2019 मध्ये नव्या सरकारने पहिल्याच बैठकीत खटले मागे घेण्याचे जाहीर केले. ग्रामसभा विकासाचे काम करील तोवर ती आदर्श, आणि ‘नाही’ म्हणेल तेव्हा संशयास्पद. ज्या ग्रामसभेला नाही म्हणता येत नाही तिला सभा का म्हणायचे, हा प्रश्न नियमगिरीने एकदा निकाली काढला होता असे वाटले होते.

या विषयावर लिहिणाऱ्यांचीही घराणी आहेत. स्वातंत्र्याआधी मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये आणि व्हेरिअर एल्विन यांचा वाद गाजला. घुर्यांना आदिवासी हे मागास हिंदू वाटत, म्हणून त्यांना मुख्य समाजात मिसळून घ्यावे. एल्विनना त्यांचे जग बाहेरच्यांपासून राखावेसे वाटे. दोघेही विद्वान, दोघेही आदिवासींचे ‘काय करावे’ यावर बोलत होते. आदिवासी काय करत आहेत याकडे लक्ष नंतर गेले. डाव्या चळवळीने त्यांना शेतमजूर आणि कुळ म्हणून पाहिले, आणि जमिनीचा प्रश्न टोकदार केला, पण देव आणि देवराई हाताशी धरताना ती अवघडली. सर्वोदयाने ग्रामसभा दिली, वर्गाचा प्रश्न गुळगुळीत ठेवला. डेव्हिड हार्डिमन यांनी 1922 च्या देवी आंदोलनावर लिहून मोठी कलाटणी दिली. पालघर किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून निघालेली देवी अंगात येत येत डांग-सुरतेपर्यंत गेली आणि दारू सोडा, पारशी दारूवाल्या जमीनदारांकडे राबू नका असे सांगत गेली. अंगात येणे हेही राजकारण असू शकते, हे हार्डिमन यांच्यामुळे अभ्यासकांना पटले. पुढे अमिता बाविस्कर यांनी नर्मदेच्या खोऱ्यात राहून दाखवले की शहरी पर्यावरणवाद्यांना जो ‘निसर्गपूजक आदिवासी’ हवा असतो, तो आणि नेवाड काढून, म्हणजे जंगल साफ करून, ज्वारी पेरणारा भिलाला यांत अंतर आहे. ही टीका झोंबणारी आहे आणि या संग्रहालाही लागू होते. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता ज्यांनी वाचली आहे त्यांना ही टीका आधीच लागली असेल.

हे सगळे आत्ता कशासाठी? 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना हटवण्याचा आदेश दिला. पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, पण दावे फेटाळले कसे, कुणाला कळवले, हे प्रश्न तसेच लोंबकळत आहेत. 2023 मध्ये वन संवर्धन कायदा बदलला. छत्तीसगडच्या हसदेव अरण्यातले लोक ऑक्टोबर 2021 मध्ये तीनशे किलोमीटर चालून रायपूरला गेले, कारण कोळशासाठी दाखवलेले ग्रामसभांचे ठराव बनावट आहेत अशी त्यांची तक्रार होती. लक्ष द्या, भांडण आता ठरावाच्या खरेपणावर आले आहे. ज्याला किंमत येते त्याचीच नक्कल होते. आपल्याकडे गडचिरोलीत लोहखनिजाच्या खाणी वाढत आहेत, आणि तिथल्या माणसाला एकीकडे बंदूकधारी नक्षल, दुसरीकडे बंदूकधारी पोलीस, यांच्या मधल्या पायवाटेवरून ग्रामसभेला जावे लागले आहे. शांततेने बोलणे हे तिथे सर्वांत धोक्याचे काम होते. अहिंसेबद्दल व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

संग्रहाच्या मर्यादा उघड आहेत. ईशान्य भारत इथे जवळपास नाही. सहावी अनुसूची आणि तिथली राज्ये हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. परदेशातली उदाहरणे फक्त तुलनेपुरती आली आहेत. संपादकांनी लेखांची मांडणी काळानुसार न करता कृतीनुसार केली आहे: लिहिणे, नाकारणे, चालणे, बसणे, ठरवणे. त्यामुळे 1880 चा मुंडा सरदार आणि 2018 ची सुरगाण्याची बाई एकाच भागात शेजारी येतात. सुरुवातीला मला यामुळे अडखळल्यासारखे झाले. दुसऱ्या वाचनात पटले, कारण नेत्यांच्या आणि राजवटींच्या क्रमाने लावले असते तर पुन्हा तेच चार पुतळे पुढे आले असते. बहुतेक मुलाखती माणसांच्या आपापल्या बोलीत घेतल्या आहेत आणि मराठी करताना ‘नाकेदार’ला ‘वनरक्षक’ केलेले नाही. हा लहानसा वाटणारा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. जबाब देणाऱ्याने ज्याला नाकेदार म्हणून ओळखले, ज्याला तो भ्याला, ज्याला त्याने कोंबडी दिली, तो नाकेदार वनरक्षक या शब्दात मावत नाही.

मेंढ्याच्या घोषणेवर मात्र संपादक आणि मी बराच वेळ अडलो. दिल्ली-मुंबईत ‘मावा सरकार’, आणि ‘मावा नाटे माटे सरकार’. ती सर्रास अशी छापली जाते: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. भाषांतर बरोबरच आहे, पण गोंडीत ‘मावा’ म्हणजे आमचे आणि ‘माटे’ म्हणजे आम्ही, आणि दोन्ही वाक्यांतला फरक एवढ्या एका शब्दावर तोललेला आहे. मराठीत तो ‘आम्हीच’मधल्या ‘च’वर येतो, त्यामुळे आवाज चढतो. गोंडीत तो चढत नाही, सहज सांगितल्यासारखा राहतो. शेवटी आम्ही मूळ ओळ तशीच ठेवली.